रक्ताच्या वाटेवरून ऑइलच्या डब्यापर्यंत

थंडीच्या दिवसांत जुनी गाडी सकाळी लवकर सुरू होत नाही. इंजिन कण्हते, दोन-तीनदा खाकरते आणि मग कुठे चालू होते. अशा वेळी गॅरेजमध्ये मिळणारा सल्ला बहुधा ठरलेला असतो. गाडी जुनी झाली, आतून झिजली, आता जरा घट्ट ऑइल घाला. मालक दुकानात जातो, तेव्हा समोर १०डब्ल्यू-३०, १५डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५० असे आकडे लिहिलेले डबे ओळीने मांडलेले दिसतात. कुठला घ्यायचा? घट्ट म्हणजे किती घट्ट, आणि घट्ट ऑइल खरोखरच झिजलेल्या इंजिनाचे औषध आहे का?

या प्रश्नाचे उत्तर ज्याच्या कामात दडलेले आहे, त्या माणसाने मोटारीचे इंजिन कधी पाहिलेच नाही. कार्ल बेंझ यांनी मोटारगाडीचे पेटंट घेतले १८८६ साली आणि हा माणूस वारला १८६९ मध्ये. तो इंजिनिअर नव्हता, पॅरिसमधला डॉक्टर होता आणि त्याला कुतूहल होते ते रक्ताचे. त्याचे नाव जाँ लेओनार मारी प्वाझय.

सुताराचा मुलगा, बंद पडलेले कॉलेज

प्वाझय यांचा जन्म २२ एप्रिल १७९७ रोजी पॅरिसमध्ये एका सुताराच्या घरी झाला. फ्रेंच राज्यक्रांती होऊन जेमतेम आठ वर्षे झाली होती. मुलगा गणितात हुशार निघाला आणि १८१५ च्या अखेरीस त्याला एकोल पॉलितेक्निक या नामांकित संस्थेत प्रवेश मिळाला. त्या काळी तिथे आम्पेर आणि कोशी यांच्यासारखे शिक्षक शिकवत होते. विजेच्या प्रवाहाचे अँपिअर हे एकक ज्यांच्या नावावरून आले, तेच हे आम्पेर.

पण हे शिक्षण वर्षभरही टिकले नाही. नेपोलियनचा पाडाव होऊन अठरावा लुई गादीवर आला होता आणि पॉलितेक्निकचे विद्यार्थी नव्या राजवटीला डोईजड वाटत होते. एप्रिल १८१६ मध्ये बेशिस्तीचे कारण देऊन राजाने संपूर्ण संस्थाच बरखास्त केली आणि सगळ्या विद्यार्थ्यांना घरी पाठवले. पुढच्या वर्षी संस्था पुन्हा उघडली, पण प्वाझय परत गेले नाहीत. त्यांनी वैद्यकाची वाट धरली.

हा अपघात विज्ञानाच्या पथ्यावर पडला असे म्हणायला हवे. त्या काळचे बहुतेक डॉक्टर शरीराचे वर्णन करत. मोजमाप करणारे थोडे. प्वाझय यांच्या हातात मात्र भौतिकशास्त्राची शिस्त आली होती. रक्त वाहते हे सगळ्यांनाच ठाऊक होते. ते किती जोराने वाहते, का वाहते आणि त्याला कोण अडवते, हे त्यांना आकड्यांत हवे होते.

पाऱ्याची नळी

हृदय रक्त किती जोराने ढकलते? हा प्रश्न शंभर वर्षे जुना होता. इंग्लंडमध्ये स्टीफन हेल्स या धर्मगुरूने घोडीच्या धमनीत उंच काचेची नळी बसवून रक्त किती वर चढते ते पाहिले होते आणि १७३३ मध्ये ते छापले होते. रक्त अडीच मीटरच्या आसपास चढले. प्रयोग धाडसी होता, पण एवढी उंच नळी घेऊन नेमकी मोजणी करणे अवघड. शिवाय नळीत शिरलेले रक्त गोठते.

प्वाझय यांनी दोन्ही अडचणी दूर केल्या. त्यांनी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली नळी घेतली आणि तिच्यात पारा भरला. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, त्यामुळे अडीच मीटरची उंची हातभरावर आली. पारा आणि धमनी यांच्यामध्ये त्यांनी रक्त गोठू न देणारे कार्बोनेट क्षाराचे द्रावण भरले. कुत्रे, घोडे यांच्या धमन्यांना ही नळी जोडून त्यांनी पाऱ्याची पातळी किती मिलिमीटर सरकते ते नोंदवले. १८२८ मध्ये डॉक्टरेटसाठी सादर केलेल्या प्रबंधात हे सगळे आले.

डॉक्टर रक्तदाब सांगताना १२० आणि ८० म्हणतात, ते पाऱ्याचे मिलिमीटर असतात. त्यांची सुरुवात या नळीतून झाली. पुढे १८४७ मध्ये जर्मनीत कार्ल लुडविग यांनी याच पाऱ्यावर तरंगणारी लेखणी बसवून रक्तदाबाचा आलेख काढला आणि १८९६ मध्ये इटलीत रिव्हा-रोची यांनी दंडाला बांधायचा पट्टा आणला. आता दवाखान्यांतून पारा हळूहळू जातो आहे, पण पाऱ्याचे मिलिमीटर हे माप तसेच राहिले आहे.

या प्रबंधातला एक निष्कर्ष मात्र कोड्यात टाकणारा होता. हृदयापासून जसजसे दूर जावे तसतसा धमनीतला दाब घटत जात असेल, अशी समजूत होती. प्वाझय यांनी हृदयाजवळच्या मोठ्या धमनीत दाब मोजला, मग जेमतेम दोन मिलिमीटर व्यासाच्या लहान धमनीतही मोजला. दोन्हीकडे तो जवळजवळ सारखाच भरला. म्हणजे मोठ्या धमन्यांतून जाताना रक्ताचा जोर फारसा खर्चच होत नाही. पण शिरांमध्ये पोहोचेपर्यंत तो बराचसा संपलेला असतो. मग तो खर्च होतो कुठे?

उत्तर एकच उरत होते: डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक वाहिन्यांमध्ये. प्वाझय सूक्ष्मदर्शकाकडे वळले. बेडकांच्या आणि लहान प्राण्यांच्या केशवाहिन्यांतून धावणाऱ्या रक्तपेशी ते न्याहाळत राहिले. त्यांना दिसले की पेशी वाहिनीच्या मधोमध वेगाने जातात आणि भिंतीलगत एक पारदर्शक थर असतो, जिथे सगळे जवळपास थबकलेले असते. १८३५ मध्ये त्यांनी ही निरीक्षणे मांडली.

रक्त सोडून पाणी

यापुढची पायरी म्हणजे बारीक नळीतून रक्त सोडून त्याचा प्रवाह मोजणे. पण तेव्हा रक्त गोठू नये म्हणून खात्रीचा उपाय नव्हता. केसाएवढ्या काचेच्या नळीत रक्त काही क्षणांत अडकून बसे. जिवंत वाहिनीत इतक्या गोष्टी एकाच वेळी बदलत असतात की कशाचा परिणाम कशामुळे झाला, हे सांगता येत नाही.

तेव्हा प्वाझय यांनी रक्त बाजूला ठेवले आणि साधे पाणी घेतले. जिवंत वाहिनीच्या जागी काचेची नळी आली. काचेच्या नळ्या ओढून ओढून त्यांनी ०.०१५ मिलिमीटरपासून ०.६ मिलिमीटरपर्यंत व्यासाच्या केशनलिका तयार केल्या. यातल्या सर्वांत बारीक नळ्या माणसाच्या केसापेक्षाही अरुंद होत्या. इतक्या अरुंद नळीचा व्यास मोजायचा म्हणजे तिचे तुकडे पाडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. त्यात छिद्र अचूक गोल नसून किंचित लंबगोल असते, त्याचाही हिशेब ठेवायचा.

मोजणीची रचना साधी होती. काचेच्या एका फुग्यावर वर आणि खाली अशा दोन खुणा. फुग्यात पाणी भरायचे, पंपाने दाबलेल्या हवेचा ठरावीक जोर त्यावर द्यायचा आणि पाण्याची पातळी वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत यायला किती वेळ लागतो ते पाहायचे. पाणी त्या केशनलिकेतूनच बाहेर जाणार, त्यामुळे वेळ मोजली की प्रवाह कळला. तापमान इकडचे तिकडे होऊ नये म्हणून नळी पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवलेली असे. बहुतेक मोजण्या त्यांनी १० अंश सेल्सिअसला केल्या.

या कामात काही वर्षे गेली. पहिली माहिती त्यांनी १८३८ मध्ये दिली आणि १८४० व १८४१ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे निष्कर्ष ओळीने ठेवले. दाब दुप्पट केला तर प्रवाह दुप्पट होतो. नळीची लांबी दुप्पट केली तर प्रवाह निम्मा होतो. इथपर्यंत कुणालाही अंदाज बांधता आला असता. तिसरा निष्कर्ष मात्र धक्का देणारा होता. नळीचा व्यास दुप्पट केला तर प्रवाह दुप्पट होत नाही, चौपटही होत नाही. तो सोळा पट होतो. प्रवाह व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो.

असे का होते, याचे मूळ त्यांनीच बेडकात पाहिलेल्या त्या थबकलेल्या थरात आहे. भिंतीला चिकटलेला द्रव हलत नाही, त्याच्या शेजारचा थोडा सरकतो, मधला सर्वांत वेगाने जातो. नळी रुंद झाली की द्रवाला जागा जास्त मिळते आणि मधला भाग भिंतीच्या अडवणुकीपासून दूरही जातो. दोन्ही फायदे एकमेकांत गुणले जातात.

अकादमीने हे काम तपासण्यासाठी आरागो, बाबिने, पिओबेर आणि रेन्यो या चौघांची समिती नेमली. समितीने छपाईची शिफारस केली, तरी पूर्ण निबंध छापून यायला १८४६ उजाडले. दरम्यान जर्मनीत गोटहिल्फ हागेन या जलअभियंत्याने पितळी नळ्यांवर प्रयोग करून १८३९ मध्ये, स्वतंत्रपणे, हाच नियम छापला होता. योगायोग असा की हागेनही १७९७ सालीच जन्मलेले. म्हणून हा नियम आता अनेक पुस्तकांत दोघांच्या नावाने दिलेला असतो.

थंडी आणि दाटपणा

प्वाझय यांनी आणखी एक गोष्ट मोजली आणि जुन्या गाडीचा प्रश्न तिच्याशीच येऊन भिडतो. त्यांनी तीच नळी, तोच दाब ठेवून पाण्याचे तापमान शून्यापासून ४५ अंशांपर्यंत बदलत नेले. थंड पाणी सावकाश वाहिले, कोमट पाणी भरभर. आजच्या मोजणीप्रमाणे ४५ अंशांचे पाणी शून्य अंशाच्या पाण्याच्या जेमतेम एक तृतीयांश दाट असते. डोळ्यांना दोन्ही पाणीच दिसतात, पण बारीक नळीला तिप्पट फरक कळतो.

पुढे त्यांनी क्षारांची द्रावणे, अल्कोहोल, ईथर असे कितीतरी द्रव नळ्यांतून सोडून पाहिले. अल्कोहोल आणि पाणी एका ठरावीक प्रमाणात मिसळले तर मिश्रण दोघांपेक्षाही सावकाश वाहते, हे त्यांच्या लक्षात आले. काही क्षार पाण्याचा वेग उलट वाढवतात, हेही दिसले. प्रत्येक द्रवाला, प्रत्येक तापमानाला त्यांच्या सूत्रात एक वेगळा आकडा येत होता. त्या आकड्याला त्यांनी श्यानता म्हणजे व्हिस्कॉसिटी हे नाव दिले नाही. प्रयोगातून निघालेला स्थिरांक एवढेच त्याचे स्थान होते. तो आकडा द्रवाच्या आतल्या घर्षणाशी कसा जोडलेला आहे, हे १८५६ ते १८६० च्या सुमारास विडमान आणि हागेनबाख यांनी गणिताने दाखवले.

अर्धा सन्मान

१८४२ मध्ये प्वाझय वैद्यक अकादमीचे सदस्य झाले. विज्ञान अकादमीत जाण्याची त्यांची इच्छा होती. त्यांनी प्रयत्नही केले, पण तिथे त्यांची निवड कधी झाली नाही. डॉक्टरांना त्यांचे काम फार भौतिकशास्त्रातले वाटावे आणि भौतिकशास्त्रज्ञांनी त्यांना डॉक्टर समजावे, असे काहीसे त्यांच्या वाट्याला आले. १८६० मध्ये ते पॅरिसमधल्या प्राथमिक शाळांचे तपासनीस झाले. २६ डिसेंबर १८६९ रोजी, ऐन थंडीत, पॅरिसमध्येच त्यांचे निधन झाले.

ज्या रक्तासाठी हा सगळा खटाटोप झाला, त्याला हा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही. नियम सरळ, कडक नळीतून एकसंध द्रव एकाच गतीने वाहतो असे धरतो. रक्तवाहिन्या लवचिक असतात, रक्त ठोक्याठोक्याने पुढे जाते आणि त्यात पेशी असतात. तीन दशांश मिलिमीटरपेक्षा अरुंद नळीत रक्त अपेक्षेपेक्षा पातळ असल्यासारखे वागते, हे १९३१ मध्ये स्वीडनमधल्या फॉरेउस आणि लिंडक्विस्ट यांनी दाखवले.

तरीही चौथ्या घाताचा धडा वैद्यकात रोज वापरला जातो. शरीर एखाद्या अवयवाचा रक्तपुरवठा बदलते ते मुख्यतः बारीक धमनिका किंचित आकुंचित किंवा रुंद करून. व्यास पाचव्या हिश्शाने वाढला की प्रवाह दुप्पट होतो. उलट, भिंतीवर थर साचून वाट निम्मी झाली तर त्या जागचा अडथळा सोळा पट होतो. अपघातात रक्त गेलेल्या रुग्णाला सलाइन द्यायचे असते तेव्हा डॉक्टर निळ्या बारीक कॅन्युलाऐवजी हिरवी, करडी किंवा नारिंगी अशी जाड आणि आखूड कॅन्युला निवडतात, तेही याच हिशेबाने. हृदयाच्या शस्त्रक्रियेत शरीर थंड करतात तेव्हा रक्त दाट होते. म्हणून हार्ट-लंग मशीनमध्ये ते मुद्दाम पातळ केले जाते. थंडीतल्या इंजिनाची अडचण वेगळी नाही.

इंजिनाच्या धमन्या

इंजिनात ऑइल पंप हे हृदय. तळाच्या चेंबरमधले ऑइल तो ओढतो आणि फिल्टरमधून, बारीक वाटांमधून क्रँकशाफ्टच्या बेअरिंगपर्यंत आणि वर व्हॉल्व्हपर्यंत पोहोचवतो. बेअरिंग आणि शाफ्ट यांच्यामध्ये अगदी बारीक फट असते. तिच्यात ऑइलचा थर टिकून राहिला तर धातू धातूला घासत नाही. गाडी रात्रभर उभी राहिली की ऑइल खाली उतरते आणि गार होऊन घट्ट होते. सकाळी चावी फिरवल्यापासून ते सगळीकडे पोहोचेपर्यंतचे क्षण इंजिनाला सर्वांत जास्त झिजवतात.

डब्यावरचे दोन आकडे या दोन वेगळ्या वेळांसाठी आहेत. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा गार इंजिनासाठी. तो जितका लहान, तितके ऑइल थंडीत जास्त वाहते राहते. नंतरचा आकडा गरम इंजिनासाठी, म्हणजे १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती दाट उरते त्यासाठी. अमेरिकेतल्या वाहन अभियंत्यांच्या एसएई या संस्थेने ऑइलची ही वर्गवारी १९११ मध्ये सुरू केली आणि पुढे ती सुधारत नेली. आजच्या मानकात २०डब्ल्यू ऑइलची थंडीतली परीक्षा उणे १५ अंशांना होते, १५डब्ल्यूची उणे २० ला, १०डब्ल्यूची उणे २५ ला, ५डब्ल्यूची उणे ३० ला आणि ०डब्ल्यूची उणे ३५ ला. त्या तापमानाला ऑइल ठरलेल्या मर्यादेपेक्षा दाट होता कामा नये. १५डब्ल्यूसाठी ही मर्यादा ७,००० सेंटीपॉइज आहे. साधे पाणी २० अंशांना एक सेंटीपॉइज असते. म्हणजे मर्यादेवरचे ऑइल पाण्याच्या ७,००० पट दाट.

यातला पॉइज हा शब्द प्वाझय यांच्या नावाचाच तुकडा. १९१३ मध्ये डीली आणि पार या दोघा इंग्रजांनी हिमनदीच्या बर्फाच्या श्यानतेवर निबंध लिहिला आणि त्यात हे एकक सुचवले. यातले डीली पेशाने रेल्वे इंजिनांचे अभियंते होते. वंगणावरचा एक मोठा ग्रंथही त्यांनी आर्चबट यांच्यासोबत लिहिलेला होता. रक्ताच्या डॉक्टरचे नाव ऑइलच्या दुनियेत आले ते असे, एका रेल्वेवाल्याच्या हातून. गरम ऑइलची श्यानता तर आजही जवळपास प्वाझय यांच्याच पद्धतीने मोजतात. काचेची केशनलिका, तिच्यावर दोन खुणा असलेला फुगा, ४० किंवा १०० अंशांची टाकी आणि हातात घड्याळ.

मग घट्ट ऑइल घालावे का?

झिजलेल्या इंजिनाचा प्रश्न प्वाझय यांच्या नियमाने पाहिला तर गॅरेजचा सल्ला अर्धाच खरा ठरतो. झिजेने फटी रुंदावतात आणि त्यांतून ऑइल लवकर निसटते. घट्ट ऑइल सावकाश निसटते, हेही खरे. पण दोन्ही परिणाम एका मापाचे नाहीत. गोल नळीत प्रवाह व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो, तर चपट्या फटीत तो रुंदीच्या घनाने. फट साधारण चौथाईने रुंदावली की गळती जवळपास दुप्पट होते. ४० च्या जागी ५० क्रमांकाचे ऑइल भरले तर गरम इंजिनात दाटपणा वाढतो तो साधारण चौथाई ते एक तृतीयांश. झीज मोठी असेल तर घट्ट ऑइल तिला गाठू शकत नाही. ते काही काळ ऑइल खाणे कमी करील, आवाज दबेल, पण बेअरिंग किंवा पिस्टन रिंग बदलायची वेळ टळणार नाही.

आणखी एक फसगत दाबाच्या काट्यामुळे होते. घट्ट ऑइल घातले की ऑइल प्रेशर वाढलेले दिसते आणि मालक निर्धास्त होतो. पण दाब वाढला म्हणजे प्रवाह वाढला असे नाही. वाट अडली तरी दाब वाढतोच. गार आणि घट्ट ऑइलमुळे दाब फार चढला तर पंपाजवळचा सुरक्षा व्हॉल्व्ह उघडतो आणि पंपाचे काही ऑइल बेअरिंगकडे न जाता मागेच वळते. काटा वर, आणि ऑइल मात्र उशिरा. रक्तदाब जास्त असणे म्हणजे रक्तपुरवठा चांगला असणे नव्हे, हे डॉक्टर रुग्णाला सांगतात, तेच इथे. प्वाझय यांनी आधी दाब मोजला, पण तेवढ्यावर न थांबता पुढे प्रवाह मोजायला घेतला, तो याच कारणाने.

जुन्या इंजिनात काळा गाळ साचून ऑइलच्या वाटा बारीक होतात, तो धोका अनेकदा झिजेइतकाच मोठा. गोल वाटेचा व्यास दहाव्या हिश्शाने घटला तर तेवढ्याच दाबाला प्रवाह एक तृतीयांशाने कमी होतो. अशा इंजिनात घट्ट ऑइल भरणे म्हणजे अरुंद वाटेवर आणखी जड वाहन सोडणे. तिथे वेळेवर ऑइल आणि फिल्टर बदलणे हाच खरा उपाय.

म्हणून निवड दोन भागांत करावी. डब्ल्यूच्या मागचा आकडा, गरम इंजिनाचा, गाडीच्या पुस्तिकेत दिला असेल तोच ठेवावा. ऑइल खरोखर कमी होत असेल आणि पुस्तिका परवानगी देत असेल तर फार तर एक पायरी वर जावे. जुन्या गाडीत नव्या गाड्यांचे ०डब्ल्यू-२० सारखे फार पातळ ऑइलही घालू नये. तिच्या फटी त्यासाठी बनवलेल्या नाहीत. डब्ल्यूच्या पुढचा आकडा मात्र गाडी जिथे उभी राहते तिथल्या सर्वांत थंड पहाटेकडे पाहून निवडावा.

निफाड किंवा महाबळेश्वरच्या कडक थंडीतही २०डब्ल्यू ऑइलची उणे १५ अंशांची परीक्षा फार दूर असते. महाराष्ट्रात जुन्या गाडीला पुस्तिकेतले २०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-४० हिवाळ्यातही चालते. तरी जिथे दोन्ही चालतात असे पुस्तिकेत लिहिले असेल तिथे १५डब्ल्यू घेतले तर सकाळी ऑइल लवकर पोहोचते. लेह किंवा द्रासच्या हिवाळ्यात गाडी नेणाऱ्याची गोष्ट वेगळी. तिथे रात्री पारा उणे १५ च्याही खाली जातो आणि २०डब्ल्यू आपल्या मर्यादेवर येऊन ठेपते. तिथे १०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यू लागते. कॅनडातल्या विनिपेगसारख्या शहरात राहणाऱ्याला ५डब्ल्यू किंवा ०डब्ल्यूशिवाय पर्याय नसतो. मोटारसायकलचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असेल तर मोटारीचे ऑइल तिला घालू नये, क्लच घसरतो. डब्यावर दुचाकीसाठीची जासो एमए ही खूण पाहावी.

आणि चावी फिरवल्याबरोबर ॲक्सिलरेटर दाबू नये. इंजिन सुरू झाल्यावर अर्धा-एक मिनिट थांबून पहिले काही किलोमीटर सावकाश जावे. नेहमीचे १५डब्ल्यू-४० ऑइल ४० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापते तेव्हा त्याचा दाटपणा सातव्या-आठव्या हिश्शावर येतो. पहाटेच्या गारठ्यात ते ४० अंशांपेक्षाही कितीतरी पट दाट असते. प्वाझय यांनी पाण्यात मोजलेला तिपटीचा फरक त्यापुढे अगदीच लहान. थंडीत जुन्या इंजिनाला घट्ट ऑइलपेक्षा या दोन-चार मिनिटांचीच गरज जास्त असते.